कॅप्टन पेलिकनचं पडणं

लायमन ब्रॅडॉकने हवेतली मूठ मिटली आणि बावीस वादक एकदम थांबले. समोरच्या पडद्यावर मालिकेचा नायक कॅप्टन पेलिकन पुठ्ठ्याच्या गच्चीवरून खाली आपटून, उठून, वाकडी झालेली चोच सरळ करत होता. रेकॉर्डिंगचा लाल दिवा विझला. मग फरशीवर बूट घासल्याचा आवाज उठला. हात वाद्यात गुंतलेले असतात, म्हणून वादक शाबासकी पायांनी देतात. पण दिवा विझल्यावरच, नाहीतर तो आवाज टेपवर जातो. हे कालच्या नवशिक्यालाही ठाऊक असतं.

काचेमागून निर्माते क्विनबी कडाडले.

"लायमन, कुणाचं सुतक आहे का? माणूस पिसं लावून धपकन पडतोय! तिथे ट्रॉम्बोनचं वाँव-वाँव टाक. लोक हसले पाहिजेत."

"लोकांना हसू द्या. माझं संगीत त्याला हसणार नाही."

"नाव हवंय ना पडद्यावर? की पुन्हा दुसऱ्याच्या नावाने लिहीत बसतोस?"

घाव वर्मी बसला. सतरा वर्षं लायमनने हॉलिवूडमध्ये दुसऱ्यांच्या नावाने संगीत लिहिलं होतं. काळ्या माणसाचं नाव पडद्यावर चालत नाही, हे प्रत्येकाने त्याला साखरेत घोळून सांगितलं होतं. शेवटी नाव द्यायला तयार झाली ती ही मुखवट्यांची आणि पिसांची मालिका. तिला मित्र हसले. लायमनला मात्र हसू आलं नाही.

त्याचे वडील कॅन्सस सिटीतल्या एका हॉटेलचे दरवान होते. मालकाने त्यांना सुलतान बनवलं होतं: फेटा, सोनेरी झालर, टोकदार जोडे. एका जानेवारीत बर्फावरून पाय सटकून ते पायऱ्यांवर आडवे झाले. पाहुणे पोट धरधरून हसले. वडील उठले, फेटा नीट केला आणि त्याच पाहुण्यांसाठी दार उघडलं. लायमनने ते रस्त्यापलीकडून पाहिलं होतं आणि त्याला त्या पाहुण्यांचा राग आजही येत होता. पेलिकनच्या उठण्यावरची ब्लूजची संथ धून त्याने तेव्हाच्या रागातून लिहिली होती.

त्याने छडी स्टँडवर ठेवली.

"माझ्या हातून ते व्हायचं नाही."

"तुझ्यावाचून अडत नाही. हर्शेल, तू वाजव!"

म्हातारा हर्शेल लायमनच्या पहिल्या बँडपासूनचा ट्रॉम्बोनवाला. त्याने खुर्चीखालचा रबरी वाडगा काढला आणि घड्याळाकडे पाहिलं. रेकॉर्डिंगचे ठरलेले तीन तास भरायला चार मिनिटं होती. त्यापुढे एक मिनिट हवं असेल तर वरच्या साहेबांची परवानगी लागे, आणि आपण वेळेत संपवतो अशी फुशारकी क्विनबींनी सकाळीच तिथे मारली होती.

"साहेब सांगतात, तर वाजवतो की," हर्शेल म्हणाला. त्याने लायमनकडे पाहिलंही नाही.

लायमन भिंतीला टेकून उभा राहिला.

लाल दिवा लागला. ड्रमवाल्याने चार आकडे मोजले. कॅप्टन पडला आणि हर्शेलने ट्रॉम्बोनच्या तोंडावर वाडगा उघडमीट करत असं काही वाँव-वाँव केलं की काचेमागे क्विनबी टेबलावर थापा मारून हसले. दारातला सुलतान दुसऱ्यांदा पडला, असं लायमनला वाटलं.

शेवटचा सूर अजून हवेत होता, दिवा लालच होता. तेवढ्यात हर्शेलचा बूट फरशीवर घासला. मग शेजारच्याचा. मग चव्वेचाळीस बूट खरवडू लागले, लाकडाच्या वखारीत करवती चालाव्यात तसे.

"थांबा! टेप चालू आहे!" तंत्रज्ञ ओरडला.

"हा काय मूर्खपणा?" क्विनबींचा आवाज चिरकला. "तीस वर्षं वाजवताय ना तुम्ही लोक?"

"शाबासकी दिली, साहेब," हर्शेल वाडगा पुसत म्हणाला. "तुमची कल्पनाच अशी फक्कड. राहवलं नाही बघा."

"पुन्हा घ्या!"

घड्याळाचा काटा बारावर गेला. वादकांच्या मुकादमाने वेळ संपल्याचा हात वर केला. पेट्यांची झाकणं उघडू लागली. क्विनबींनी टेलिफोन उचलला, थोडा वेळ तसाच हातात धरला आणि खाली ठेवला.

"लायमनचं पहिलं रेकॉर्डिंगच घ्या," ते म्हणाले.

लायमनने हर्शेलकडे पाहिलं. हर्शेल बुटाची नाडी बांधण्यात गर्क होता.

तंत्रज्ञाने टेपचा डबा पुढे केला.

"संगीतकाराचं नाव काय घालू?"

"लायमन ऑगस्टस ब्रॅडॉक," तो म्हणाला. "ऑगस्टस माझ्या वडिलांचं नाव. पडद्यावर पूर्ण द्या."