शालूच्या डाव्या गुडघ्यावर

मी एक जुनी नीकॅप आहे. हसू नका, मित्रांनो. निबंधात तुम्ही फाटक्या पुस्तकाला बोलू देता, बंद पडलेल्या घड्याळाला बोलू देता, मग गुडघ्यावर चढवायच्या पट्टीनं तुमचं काय घोडं मारलंय? एखाद्याला नावं ठेवताना लोक म्हणतात, याची अक्कल गुडघ्यात आहे. मी तर आयुष्यातली दहा-अकरा वर्षं गुडघ्यावरच काढली. जागा वाईट नाही. टोपीला जे दिसत नाही ते तिथून दिसतं.

माझा जन्म १९६७ साली मुंबईतल्या एका होजियरीच्या कारखान्यात झाला. करडा रंग, घट्ट इलास्टिक आणि दोन्ही कडांना निळी रेघ. तेव्हा काय दिसायचे मी! आम्ही नीकॅपा जोडीनं जन्मतो. पण माझी जोडीदारीण शिवतानाच उसवली आणि मी एकटीच दुकानातल्या एका टोपलीत जाऊन पडले. एका गुडघ्याची नीकॅप कोण घेणार? सगळे उचलून बघत आणि परत टाकत. मला फार अपमान वाटायचा.

मग एक दिवस बाबाजी आले. भाईंदरजवळच्या राई गावचे हे बाबाजी दिवसा शेती करत आणि संध्याकाळी गावातल्या मुलींना कबड्डी शिकवत. दुकानदार म्हणाला, "एकच आहे हो, जोडी नाही." बाबाजी म्हणाले, "असू दे. पोरीचा फुटलेला गुडघा पन एकच हाय."

तो फुटलेला गुडघा शालूचा होता, डावा. मैदानातल्या मातीत दडलेल्या शिंपल्यानं कापलेला. सोळा वर्षांची शालू, सडपातळ, चपळ आणि जरा जास्तच तोंडाळ. तिनं मला पहिल्यांदा चढवलं, दोनदा उठाबशा काढल्या आणि म्हणाली, "चावते ही." मित्रांनो, मी चावत नव्हते, मी धरून ठेवत होते. हे तिला आठवडाभरानं कळलं. मग ती मला सोडून मैदानात पाऊल टाकेना.

माझ्या उंचीवरून माणसांचे चेहरे कमी आणि पाय जास्त दिसतात. शालूची आई, हौसाबाई, मी आधी पायांवरून ओळखायला शिकले. त्या मिठागरावर कामाला होत्या. खाऱ्या पाण्यात उभं राहून मीठ टोपलीत भरायचं, टोपली डोक्यावर घ्यायची, बांधावरून चालत जाऊन राशीवर ओतायची. पुन्हा परत. नवरा लवकर गेला, तेव्हापासून त्या हेच करत होत्या. त्यांच्या टाचांना पांढऱ्या भेगा होत्या आणि त्या भेगांत मीठ शिरलं की त्या नुसतं "हं" म्हणायच्या. एवढंच. शालूच्या गुडघ्याला जरा खरचटलं तर मात्र सगळा पाडा डोक्यावर घ्यायच्या!

दोन वर्षांत शालूचं नाव झालं. तिची चढाई सुरू झाली की समोरच्या सात जणी मागे सरकायच्या. १९६९ साली मुंबईच्या एका कंपनीनं तिला आपल्या संघात घेतलं. कागदावर नोकरी पॅकिंग खात्यातली, पण खरं काम खेळण्याचं. खेळण्याबद्दल पगार! राईत कुणाचा विश्वास बसेना. हौसाबाईंनी त्या दिवशी दृष्ट काढली. शालूची नव्हे हं, माझी! मीठमोहरी माझ्यावरून तीनदा ओवाळून म्हणाल्या, "हिनंच माझे बायचा गुडघा सांभाललाय." आजही आठवलं की मला भरून येतं.

पुढची तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्याची वर्षं. ढाली, चषक, वर्तमानपत्रात फोटो. फोटोत मीही असायचे बरं का, नीट बघितलंत तर. राज्याच्या संघासाठी शालूचं नाव पुढे होतं. हौसाबाईंचं एकच म्हणणं असायचं, "आता माझी पोर टोपली उचलनार न्हाय."

मग १९७२ साल उजाडलं. निवडणूक आली आणि माझ्या मालकिणीची पंचाईत झाली.

त्या वर्षी उन्हं लवकर तापली. मिठागरावर प्यायला गोडं पाणी नव्हतं. बाया घरून कळशी न्यायच्या, ती दुपारपर्यंत संपायची. विहीर लांब, आणि काम सोडून गेलं तर मुकादम ओरडणार. चहूकडे पाणीच पाणी आणि घोटभर पिता येत नाही! एक दिवस हौसाबाई भरल्या टोपलीसकट बांधावर कोसळल्या. बायांनी त्यांना उचलून घरी आणलं. शालू रात्रभर त्यांच्या उशाशी बसली. दुसऱ्या दिवशी हौसाबाई पुन्हा कामावर गेल्या, हे सांगायला नकोच.

त्याच आठवड्यात कंपनीचे खेळप्रमुख रामनाथसाहेब सरावाच्या वेळी शालूला भेटायला आले. तपकिरी बूट, असे चकचकीत की मला त्यात माझा चेहरा दिसला. भाईंदर पश्चिमेला मोठी स्पर्धा होती, फायनलमध्ये आपला संघ होता, आणि प्रमुख पाहुणे होते गोपीनाथशेठ. हे निवडणुकीला उभे होते, कंपनीच्या मालकांचे दोस्त होते, आणि हौसाबाई ज्यावर राबत होत्या ते मिठागरही त्यांचंच होतं.

"शालू, सामन्याआधी तू माईकवर दोन शब्द बोलायचे," साहेब म्हणाले. "लिहून आणलंय मी. शेठ खेळाडूंचे कैवारी आहेत, त्यांनाच मत द्या. बस, एवढंच."

"साहेब, हे राजकारण झालं ना?"

"छे गं! ही कृतज्ञता झाली."

शालूनं तो कागद घेतला आणि घडी करून माझ्या आत खोचला. फायनलपर्यंत तो तिथेच राहिला आणि मला टोचत राहिला.

फायनलच्या दिवशी मैदानाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धं राई लोटलं होतं. मिठागरावरच्या बाया एका बाजूला फतकल मारून बसल्या होत्या. दोन्ही संघ रांगेत उभे राहिले. रिवाजाप्रमाणे शेठनी सगळ्या खेळाडूंशी हात मिळवला, मग मैदानात येऊन नारळ वाढवला आणि त्यातलं पाणी मातीवर शिंपडलं. लाल मातीनं ते क्षणात पिऊन टाकलं. टाळ्या झाल्या. शालूच्या हातात माईक आला.

मला वाटलं, आता ही वाकणार आणि माझ्यातून कागद काढणार. तिचा हात खाली आलाही. मग तो मधेच थांबला. ती त्या ओल्या मातीकडे बघत होती.

"शेठ," ती म्हणाली, "मैदानाला पाणी दिलंत, बरं केलंत. मिठागरावरच्या बायांना प्यायला पाणी कधी देणार? माझी आई परवा तहानेनं पडली."

भोंग्यातून ते सगळ्या भाईंदरला ऐकू गेलं. मग त्या फतकल मारून बसलेल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या जोरात की शेठनी हसून हात जोडले.

रामनाथसाहेबांचे बूट तरातरा आमच्याकडे आले. "हे काय बोललीस? आत्ताच्या आत्ता माईकवर माफी माग, तरच मैदानात उतरशील."

"मी खोटं काय बोलले?"

"खेळाडूंनी राजकारणात पडायचं नसतं. गप्प बसायचं आणि खेळायचं."

"साहेब, कबड्डीत गप्प बसलं की बाद देतात," शालू म्हणाली. "आणि तो कागद दिलात, तेव्हा नव्हतं राजकारण?"

साहेबांनी बोट दाखवून तिला बाहेर बसवलं. तिच्याशिवाय सामना सुरू झाला.

थोड्या वेळानं माझ्यासमोर दोन अनवाणी, भेगाळलेले पाय येऊन उभे राहिले. मला वाटलं, आई लेकीची पाठ थोपटणार. पण हौसाबाई भडकल्या होत्या.

"माफी माग गो बाय. दोन शबूद तर हायती. पानी काय, मी घरशी नेन अजून एक कलशी. तुझी नोकरी गेली तं काय करशील? टोपली उचलशील?"

"आये, तू पडली व्हतीस ना?"

"पडले तं पडले! मी कवा सांगितला तुला, लोकांना सांग म्हून?"

शालू समोरच्या सामन्याकडे बघत राहिली. वरून बघणाऱ्यांना वाटलं, काय ताठ पोरगी आहे. पण मित्रांनो, तिचा गुडघा माझ्या मुठीत होता. तो लटलट कापत होता. आईच्या शब्दानं ती उठून माफी मागेल असं मला दोनदा वाटलं. ती उठली नाही. आपला संघ पाच गुणांनी हरला.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. संघातल्या मैत्रिणी म्हणाल्या, शालूमुळे हरलो. गावातले काहीजण म्हणाले, शाबास. काहीजण म्हणाले, खेळणारीनं खेळावं, मोठ्यांच्या भानगडीत कशाला पडावं. कंपनीनं माफीचा एक टाईप केलेला कागद पाठवला. महिनाअखेरपर्यंत सही करून दिली तर नोकरी राहील आणि राज्याच्या निवडीला कंपनी नाव पाठवील. नाहीतर दोन्ही संपलं. हौसाबाई जेवताना लेकीकडे पाठ करून बसायला लागल्या. पंधरा दिवस त्या दोघींच्या घरात भांड्यांखेरीज कुणाचा आवाज नव्हता.

शेवटी शालू हरली. सामन्यात हरतात तशी नाही, आईपुढे हरतात तशी. एका सकाळी सराव झाल्यावर ती बाबाजींना म्हणाली, "चला, करते सही. आयेसमोर करते, म्हंजे तिचा जीव भांड्यात पडेल." ती मला काढायलाही विसरली. तशीच, कागद आणि पेन घेऊन, दोघं मिठागरावर गेली.

तिथे एक नवल होतं. राशीच्या बाजूला लाकडी घोडीवर एक नवंकोरं लोखंडी पिंप ठेवलं होतं, त्याला पितळेची तोटी. पिंपावर लाल रंगात शेठचं नाव, हे एवढालं! मतदान आठ दिवसांवर आलं होतं ना. बायांची रांग लागली होती. हौसाबाई ओंजळीनं पाणी पीत होत्या. पोटभर प्यायल्या, तोंडावर मारून घेतलं, ओले हात पदराला पुसले आणि लेकीला बघून थांबल्या.

"सही करायला आलीय," शालू म्हणाली. "तू म्हनतेस म्हून."

हौसाबाईंचा चेहरा उजळला. तो मात्र मी बघितला, कारण त्या माझ्यासमोरच खाली बसल्या. "वाच रं बाबाजी, काय लिवलाय."

बाबाजी वाचू लागले. "मी जाहीरपणे केलेले विधान निराधार होते. मिठागरावर पाण्याची कोणतीही गैरसोय नाही व नव्हती..."

"निराधार म्हंजे काय?"

"म्हंजे खोटा."

"कोन खोटा? माझी शालू?" हौसाबाई उभ्या राहिल्या. एकदा पिंपाकडे बघितलं, एकदा कागदाकडे. "खोटा हाय तं यो पिंप कनाला आनला? माझे पोरीनं मागितला म्हून पानी आयला. पानी आयला, मंग माफी कसली मागायची?"

"आये, नोकरी..."

"मना समजतंय नोकरी," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. रडता रडताच त्यांनी कागद बाबाजींच्या हातून घेतला. घोडीचा एक पाय आखूड होता, बाया पाणी घेताना पिंप डुलायचं. हौसाबाईंनी कागदाची चार वेळा घडी घातली, खाली वाकल्या आणि त्या पायाखाली ती दामटून बसवली. पिंप हलवून बघितलं.

"आता डुलत न्हाय," त्या म्हणाल्या. "चल, पानी पी."

गोपीनाथशेठ निवडून आले. मित्रांनो, गोष्टीत ते पडायला हवे होते, पण मी घडलं तेच सांगणार. शालूची नोकरी गेली. राज्याच्या संघात तिचं नाव आलं नाही. रेडिओवर त्या संघाच्या बातम्या लागल्या की ती उठून बाहेर जायची. म्हणजे तिला वाईट वाटत नव्हतं असं कुणी म्हणू नये. दोन हंगाम तिनं आईच्या बरोबरीनं टोपली उचलली. मग बाबाजी थकले आणि राईच्या मुली तिच्याकडे आल्या. मी त्यांच्या गुडघ्यांवर गेले, एकामागून एक, थेट १९७८ पर्यंत. मग माझं इलास्टिक सैल झालं आणि मी पत्र्याच्या पेटीत आले. तक्रार नाही. जरा एकटं वाटतं, एवढंच.

आता माझं मागणं. मला धुतलंत तर सावलीत वाळवा, उन्हानं आमचा दम जातो. आणि उद्या तुमचा एखादा लाडका खेळाडू चार लोकांसमोर काही बोलला, तर तो बरोबर की चूक यावर त्याच्याशी खुशाल भांडा. मीही भांडले असते. पण त्याला "तू नुसता खेळ" असं म्हणू नका. बोलण्याची किती किंमत मोजावी लागली, हे आधी त्याच्या घरी जाऊन विचारा. तिथे दाराशी एखादी हौसाबाई बसलेली असेल. तिच्याजवळ जरा वेळ बसा.