तांब्यात पाणी नव्हतं

बसा, बोलतो. पण आधी झाकण उघडा माझं. बंद तोंडाने बोलायची सवय नाही मला.

मी मंदाबाईंचा फिरकीचा तांब्या. अंग अस्सल पितळेचं, गळ्याला आटे आणि आट्यांवर फिरकीचं झाकण. ते घट्ट बसवलं की मला उलटा टांगा, थेंब सांडणार नाही. झाकण काढून पालथं केलं की झाला पेला! आताच्या त्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांना म्हणावं, करून दाखवा.

मंदाबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी, उखर्डू आबांनी, मला आंदण दिलं. पोटावर ठिपक्या ठिपक्यांनी नाव घातलंय बघा. देताना आबा म्हणाले होते, "पोरी, जठे जाशी तठे घरनं पानी तुना संगे ऱ्हाई."

आता प्रवासाचा तांब्या म्हटल्यावर मी काय काय मनात धरलं असेल! पण कुठलं काय. सासर चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. घर, शेत आणि विहीर सोडून मंदाबाई पंधरा वर्षांत कुठे गेल्या नाहीत, मग मी कुठे जाणार? फळीवर बसून धूर खाल्ला, दुसरं काय.

मंदाबाईंचे यजमान तोताराम. टपालाची थैली खांद्यावर टाकून तीन गावांना पायी टपाल पोचवायचे. सरकारी कागदात त्या कामाचं नावच ‘रनर’. वय चाळिशीचं, अंगाने काटक, स्वभावाने गायीसारखे गरीब. धुळ्याला दर सव्वीस जानेवारीला एक व्यायाम मंडळ बारा किलोमीटरची दौड भरवायचं. शहरातून निघून आग्रा रोडने एका मोठ्या लिंबाच्या झाडापर्यंत जायचं आणि तिथून उलटं फिरून परत यायचं. पंच्याऐंशी साली गावाने तोतारामला हार घालून पाठवलं. रनरच तो, त्याला काय अवघड!

आणि बिचारा नेमका त्या लिंबाखाली बसला. झाडाखाली पाणी प्याला, पोटात कळ आली, पाय लटपटले. शेवटच्या माणसामागे मंडळाचा एक टेम्पो हळूहळू चालायचा, त्यात घालून त्याला परत आणला.

बास! गावाला तेवढंच पाहिजे असतं. दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव पडलं ‘अर्धा’. "अर्धा, टपाल उनं का?" "अर्धा, चहा पेस का? अर्धाच पे!" तोताराम हसून सोडून द्यायचा. पण विहिरीवर बाया म्हणायला लागल्या, "सरका व, अर्धानी बायको ऊनी!" मंदाबाई हंडा भरून निघायच्या. घरी आल्या की हंडा जरा आदळून ठेवायच्या. तोताराम ते ऐकायचा आणि जेवताना मान खाली घालायचा. मला फळीवरून सगळं दिसायचं हो, राग यायचा, पण मी पडलो भांडं.

पुढचं वर्ष आलं. तोतारामने एका सकाळी सांगून टाकलं, "औंदा बी जासू. मरी ग्या तरी चाली, पन त्या टेम्पोमा बसाव नही."

मंदाबाईंचा धाकटा भाऊ भाईदास तिथे चहा पीत बसला होता. हा माणूस म्हणजे तोंडाळ, पण मनाने चांगला, आणि खाण्यावर भारी जीव. तो म्हणाला, "दाजी, मागला साल तुम्ही उपाशीपोटी पयनात, म्हणीसन पडनात. गाडीले पेट्रोल लागस, मानूसले जेवन लागस. आपण शनिवारले निघू. खात खात जाऊ. आनि ताईले बी संगे लई चला."

"पोटनं नही रे," तोताराम म्हणाला, "धुळानं पानी बाधनं माले. औंदा घरना विहिरनंच पानी पेसू."

झालं! मला फळीवरून खाली काढलं. चिंधा कल्हईवाल्याने आतून असा चकचकीत केला की मंदाबाईंना माझ्या पोटात स्वतःचं नाक दिसलं. कल्हई नसेल तर पितळेत आंबट कळकतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. शनिवारी पहाटे विहिरीचं पाणी भरून झाकण आवळलं. तोतारामने बजावलं, हे पाणी उद्या लिंबाखाली उघडायचं, त्याआधी कुणी हात लावायचा नाही.

निघताना सासूबाई ओट्यावर होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणायचे. दात एक नाही, खाण्याची चव गेलेली. मंदाबाईंनी विचारलं, "अक्का, तुम्हले काय लई येऊ?" अक्का म्हणाल्या, "माले काही नको व माय. बठ्ठा खुशाल जाई या." मग जरा थांबून, "धुळानी शेवभाजी खाधी व्हती एक डाव, तुना सासरा जित्ता व्हता तधळ. काय रस्सा व्हता तो!"

 मंदाबाईंनी ते मनात ठेवलं.

मग काय, निघाली स्वारी. चोपड्याच्या स्टँडवर गरम भजी. बस तापी ओलांडून गेली तेव्हा मंदाबाईंनी नदीला हात जोडले. मग अमळनेरच्या एका खानावळीत वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात आणि ठेचा. भाईदासने चार भाकऱ्या उडवल्या आणि तोतारामला म्हणाला, "दाजी, घ्या ना, पयनं तुम्हले शे, माले नही!" तोतारामला घास उतरत नव्हता. त्याचं सगळं लक्ष उद्यावर.

पण मंदाबाई! त्यांना मी तसं जेवताना कधी पाहिलंच नव्हतं. पंधरा वर्षं सगळ्यांना वाढून उरलेलं खाल्लेली बाई. कोणीतरी आपल्याला वाढतंय, विचारतंय, "ताई, आणखी भरीत?" हेच त्यांना नवल. जेवण झाल्यावर त्या आपली ताटली उचलून मोरी शोधायला लागल्या. वाढपी धावत आला, "अहो ताई, राहू द्या, आम्ही घासतो!" भाईदास इतका हसला की त्याला उचकी लागली. मंदाबाई लाजल्या, पण बसमध्ये बसल्यावर खिडकीकडे तोंड करून बराच वेळ आपल्याशीच हसत होत्या. मलाही बरं वाटलं हो. वाटलं, आबा, तुमचं आंदण सार्थकी लागलं.

संध्याकाळी धुळ्यात धर्मशाळेत पिशव्या टाकल्या. तोताराम आपला नंबराचा कपडा आणायला व्यायाम मंडळात गेला आणि हे बहीणभाऊ मला घेऊन शेजारच्या हॉटेलात शिरले. ‘दाजी येईपर्यंत सुरुवात करू’ ही आयडिया कोणाची, ते सांगायला नको.

शेवभाजी आली. लालभडक तर्री, वर जाड शेव. मंदाबाईंनी पहिला घास घेतला आणि काळ्या मसाल्याचा असा ठसका लागला की डोळे पांढरे! टेबलावर पाणी अजून आलं नव्हतं. भाईदासने मागचापुढचा विचार न करता माझी फिरकी उघडली. "पे ताई, पे!" मंदाबाई प्याल्या. घटाघट प्याल्या. तेवढ्यात भाईदासचंही तोंड पोळलं. "आते उघडंच शे," म्हणत उरलेलं त्याने संपवलं.

ठसका थांबला आणि मंदाबाईंच्या तोंडचा रंग गेला. "अरे भाईदास, हाई तर त्यासनं पानी व्हतं!"

"मंग? सकाय नळनं पानी भरी देऊ. त्यासले काय समजस!"

"नही. त्यासले फसाडानं नही. मी सांगसू."

भाईदास ओशाळला. म्हणाला, सकाळी धर्मशाळेची कळशी भरून मी स्वतः लिंबाखाली आणतो, तू फक्त दाजीला खरं सांग. ठरलं. मंदाबाईंना जरा धीर आला आणि तेवढ्यात अक्का आठवल्या. हॉटेलवाल्याला म्हणाल्या, "सासूसाठी थोडा रस्सा द्याल का बांधून?" तो म्हणाला, "शेव पुडीत देतो. रश्शाला भांडं द्या ताई." भांडं म्हणजे कोण? मीच! रिकामा, कल्हई केलेला, न सांडणारा. गळ्यापर्यंत रस्सा भरला आणि फिरकी आवळली. लसणाचा वास असा काही भिनला की विचारू नका.

सकाळी सांगायचं होतं. पण तोतारामचं तोंड बघून मंदाबाईंची जीभ उचलेना. गडी रात्रभर झोपला नव्हता. निघताना एवढंच म्हणाला, "लिंबखाले उभी ऱ्हाय. तांब्या वर धर, चमकस तो, माले दुरथीन दिसी." बायको उभी राहिलेली दिसली की आपण पडणार नाही, असं काहीतरी त्याच्या मनाने घेतलं होतं. मंदाबाई नुसत्या बरं म्हणाल्या.

आता भाईदास. लिंबाकडे निघाला तो कळशी घेऊनच. वाटेत एका ठिकाणी जिलेबी कढईतून निघत होती. मी काय म्हणू त्या माणसाला!

लिंबाखाली ही गर्दी. कॉलेजची पोरं झाडाच्या पारावर चढून पळणाऱ्यांची टिंगल करत होती. मंदाबाई पदर सावरून उभ्या, हातात मी, उंच धरलेला. एक एक करून सगळे वळून गेले. कळशीचा पत्ता नाही. माझ्या पोटात मात्र रस्सा डुचमळत होता.

आणि लांबून तोताराम दिसला. सगळ्यांत शेवटी, मागे तो टेम्पो. ओठ पांढरे पडलेले, पाय ओढत चाललेले. मला पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर जीव आला. सरळ येऊन हात पुढे केला.

मंदाबाई चाचरल्या. "अवो... ते..." एवढंच. पारावरून एक जण ओरडला, "काका, तांब्यात तूप आणलंय का?" सगळे खो खो हसले. तोतारामने मला हातात घेतलं, फिरकी उघडली, पेल्यात ओतलं.

लाल. तर्रीदार. अर्ध्या रस्त्यावर, कोरड्या घशाच्या माणसापुढे.

तो थांबला. त्याने पेल्यात पाहिलं. मी त्याच्या हातात होतो, मला माहीत आहे, त्याने पाहिलं. मग मान वर करून बायकोकडे पाहिलं. ती पदर तोंडात धरून उभी, डोळे भरलेले. पारावरची पोरं माना लांब करून बघत होती. पेला ओतून टाकला असता तर लाल ओघळ सगळ्यांना दिसला असता आणि बाईचं हसं झालं असतं. हसं होणं म्हणजे काय, ते वर्षभर त्याच्याइतकं कोणी सोसलंय?

त्याने पेला पोरांकडे पाठ करून तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला.

अरे देवा! कानातून धूर निघायचा बाकी राहिला. मला मंदाबाईंच्या हातात दिलं आणि पळत सुटला. मागून मंदाबाई रडत टेम्पोत चढल्या, मी त्यांच्या मांडीवर. पुढच्या वळणावर मंडळाचं पाण्याचं टेबल होतं. तोताराम तिथे थांबला आणि धुळ्याचं पाणी, बरं का, तेच धुळ्याचं पाणी, तीन पेले प्याला! काही झालं नाही त्याला. वर्षभर पाण्याला उगाच शिव्या दिल्या.

पण पाय थकायचे ते थकलेच. शेवटचे दोन किलोमीटर तो पळत नव्हता, चालतही नव्हता, त्याच्या मधलं काहीतरी करत होता. ड्रायव्हरला दया आली. "काका, बसा आता. सगळे पोचले."

माझ्यावरची पकड घट्ट झाली. मंदाबाई म्हणाल्या, "त्या बसाव नहीत. तुम्ही गाडी हयूहयू चालाडा."

पोचला तेव्हा मांडव सोडायला घेतला होता. टेबलामागे एक चष्मेवाले गृहस्थ कागद आवरत होते. त्यांनी पुन्हा पेन उघडलं. "नाव?" "तोताराम झिपरू पाटील." त्यांनी यादीत त्याचं नाव शोधलं, पुढे शेऱ्याच्या रकान्यात सावकाश लिहिलं, ‘पूर्ण’, आणि तसाच कागद हातात दिला. तोताराम तो एक शब्द बघत राहिला. मग तिथेच धुळीत बसून लहान मुलासारखा रडला. भाईदास आला तेव्हा त्याच्या एका हातात कळशी आणि दुसऱ्या हातात जिलेबीची पुडी होती. त्यालाही रडू आलं. पुडी मात्र सोडली नाही.

उरलेला रस्सा अक्कांना मिळाला. भाकरी कुस्करून खाल्ली त्यांनी आणि बोटं चाटली. तो कागद तोतारामने काचेत बसवून दारातच लावला, टपाल न्यायला येणाऱ्याला दिसेल असा. ‘अर्धा’ म्हणणं हळूहळू बंद पडलं. विहिरीवर एकदा कोणी जुन्या सवयीने म्हणालं, तर मंदाबाई म्हणाल्या, "घर ये, वाची ले."

आज या गोष्टीला तेरा वर्षं झाली. अक्का गेल्या. चिंधा कल्हईवाल्याची फेरी बंद झाली. माझा गळा एका बाजूने चेपलाय, आतली कल्हई उडालीय, प्रवासाला आता बाटल्या जातात. मोडवाला दोनदा मला उचलून बघून गेला. मंदाबाईंनी दोन्ही वेळा त्याच्या हातातून काढून घेतलं.

दर सव्वीस जानेवारीला त्या शेवभाजी करतात. पहिला रस्सा माझ्या पेल्यात, तोतारामला. आणि दरवर्षी विचारतात, "खरं सांगा, तधळ तुम्ही पेलामा देखं व्हतं ना?"

तोताराम भुरका मारतो आणि म्हणतो, "पयता पयता पेलामा कोन देखस? पानीच समजनू मी."

मंदाबाई हसतात. त्यांना ते खरं वाटतं, आणि त्याला तसंच हवंय. तेव्हा तुम्हाला एकच मागणं आहे. कल्हई नाही केली तरी चालेल, फळीवर परत ठेवलं तरी चालेल. पण आता झाकण लावून घ्या माझं, आणि त्याने पाहिलं होतं, हे मंदाबाईंना सांगू नका.