दुसरा कोहळा

मासिलामणीची पाठ उभ्या तमिळनाडूने पाहिली होती, तोंड मात्र कुणीच नाही. पडद्यावर नायक सेंदूरन गच्चीवरून उडी मारायचा, ती मासिलामणीची पाठ. सेंदूरन फाटक तोडून मोटारसायकल घुसवायचा, तीही याचीच. त्याची बायको वडिवु दर सिनेमाला गल्लीतल्या बायकांना घेऊन जायची आणि अंधारात बोट दाखवायची, "ते बघा, आमचे हे!" बायका म्हणायच्या, "अगं वडिवक्का, पाठ काय, कुणाचीही असेल." मग ती घरी येऊन भांडी आपटायची.

या सिनेमात मात्र नशीब फळफळलं. एक चक्रम शास्त्रज्ञ यंत्रातून नायकाच्या हुबेहूब नकला काढतो, यंत्र बिघडत जातं आणि नकलाही बिघडत जातात, अशी गोष्ट. सातवी नक्कल बाहेर येते ती टक्कल पडलेली, पोट सुटलेली. या दोन्ही गोष्टी मासिलामणीला देवाने आधीच दिल्या होत्या. केसांचा टोप घातला आणि मागून पाहिलं की कळायच्या नाहीत, इतकंच. दिग्दर्शिका इळवेनिल म्हणाली, "अण्णा, सातवा तुम्ही. तोंडासकट!"

वाक्य एकच होतं. "सार, मला परत यंत्रात घालू नका. घरी माझी वाट बघतायत." मासिलामणीने ते इतकं घोकलं की वडिवुलाच पाठ झालं.

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी वडिवु दहीभाताचा डबा घेऊन वडपळनीच्या स्टुडिओत हजर झाली. पाहते तर दारातच कुंकवाने लाल झालेल्या कोहळ्याच्या फोडी पडलेल्या, आणि नवरा पायरीवर डोकं धरून बसलेला.

"अहो, काय झालं?"

"कोहळा फोडला गं. माझा शॉट राहिलाय, आणि कोहळा फोडून बसले."

हा घोळ मॅनेजर दंडपाणीचा. एरवी आवळा देऊन कोहळा काढणारा माणूस, पण सेंदूरनला विमान गाठायचं होतं आणि याला त्याच्या हातून कोहळा फोडतानाचा फोटो हवा होता. दिग्दर्शिका जेवायला गेलेली. यांनी कापूर पेटवला, ओवाळलं आणि फोडला! आता कोहळा फुटला म्हणजे शूटिंग संपलं. त्यानंतर कॅमेरा चालवला तर सिनेमा डब्यातच कुजतो, हे सिनेमावाल्यांच्या कोडंबाक्कममध्ये कुत्र्यामांजरांनाही ठाऊक आहे. कॅमेरामन अळगप्पनने तर कॅमेऱ्याला नमस्कार करून झाकण लावूनही टाकलं होतं.

"मी नाही बाई हात लावणार," तो जेवून परतलेल्या इळवेनिलला म्हणाला. "सातवा कापून टाका. पाठ दाखवा आणि मोकळे व्हा."

पाठ! तो शब्द ऐकला आणि वडिवुच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पदर खोचून तरातरा आत शिरली.

"काय हो मॅनेजर, या यंत्राच्या कपाटातून सात-सात माणसं काढलीत ना? मग एक कोहळा नाही निघत?"

इळवेनिल खो खो हसत सुटली. जेवणाच्या तंबूत ताकाच्या आमटीसाठी आणलेला एक कोहळा उरला होता. तो आणून यंत्रात ठेवला, दिवे लुकलुकवले, धूर सोडला. दंडपाणीने स्वतः दार उघडून तो बाहेर काढला आणि कान पकडून जाहीर केलं, "मघाशी फुटला ती नक्कल होती. हा अस्सल!"

अळगप्पनने कोहळा उलटसुलट पाहिला, थोडा विचार केला आणि झाकण काढलं.

मासिलामणी दिव्यांच्या उजेडात उभा राहिला. "ॲक्शन!" झालं आणि तो सवयीने गर्रकन वळला. कॅमेऱ्यापुढे पाठ!

लोक पोट धरून हसले. दुसऱ्यांदाही तेच झालं. जन्मभर ॲक्शन म्हटलं की तोंड लपवायचं, तेच अंगात मुरलेलं. मासिलामणीचे डोळे भरून आले.

"मला नाही जमत, ताई. दुसरं कुणीतरी बघा."

इळवेनिल वडिवुजवळ गेली. "अक्का, घरी यांना हाक कशी मारता?"

"इश्श! नाव थोडंच घेणार? 'अहो' म्हणते."

"मग इथे कॅमेऱ्याशेजारी उभ्या राहा. मी खूण केली की हाक मारा."

"ॲक्शन!" मासिलामणी पुन्हा वळलाच. कॅमेरा चालूच राहिला. टक्कल, मान, उभ्या तमिळनाडूच्या ओळखीची ती पाठ.

"अहो!"

तो वळला. रोज संध्याकाळी चप्पल काढताना वळतो तसाच, दमलेला, काय आणायचं राहिलं बुवा अशा चेहऱ्याने. समोर वडिवु दिसली. "सार," तो तिच्याकडेच बघत हळूच म्हणाला, "मला परत यंत्रात घालू नका. घरी माझी वाट बघतायत."

कुणी हसलं नाही. कट म्हणायचंही इळवेनिलला सुचलं नाही. ते शेवटी अळगप्पननेच म्हटलं, नाक ओढत.

अस्सल कोहळा इळवेनिलने मासिलामणीच्या हातात दिला. त्याने तो असा आपटला की फोडी पार दंडपाणीच्या पायापर्यंत गेल्या. मग नवराबायको पायरीवर बसून दहीभात खायला लागले.

"या वेळी बायकांना सिनेमाला नेशील ना?" त्याने विचारलं.

"नेईन की," वडिवु लोणच्याची फोड त्याच्या भातावर ठेवत म्हणाली, "पण बोट नाही दाखवणार. बघू दे त्यांचं त्यांना."