दुतोंड्या बोल्ट

१९४३च्या वैशाखात, भर दुपारी, नागपूरच्या कामठी रोडवर ओमप्रकाश अग्रवालांच्या कारखान्यासमोर एक जीप थांबली आणि तिच्यातून दोन गोरे साहेब उतरले. एक इंग्रज होता, दुसरा अमेरिकन. दोघे एकमेकांशी अतिशय अदबीने बोलत होते. त्यावरून त्यांचं पटत नसावं, हे नानाजी नंदनवारांनी लेथवरूनच ओळखलं.

नानाजी अठ्ठेचाळीस वर्षांचे. जात कोष्ट्याची. बाप लुगडी विणायचा, पण नानाजी सोळाव्या वर्षी माग सोडून लोखंडाच्या नादाला लागले. अग्रवालांच्या कारखान्यात कापसाच्या जिनिंगचे आणि तेलघाण्यांचे सुटे भाग तयार होत. ते बहुतेक सगळे नानाजींच्या हाताखालून जात. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मालक ओमप्रकाशांना 'येस सर' एवढंच येत होतं. खरं इंग्रजी येणारा एकटा केशव दामले, पुण्याहून आलेला ड्राफ्ट्समन. तोच दुभाष्या झाला.

"नानाजी, साहेब लोक आले गा," ओमप्रकाश म्हणाले. "जरा पाहून देता का त्यांचं काम?"

काम असं होतं. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर पाणी उपसायला पंप हवे होते. दोन्ही सरकारांनी मिळून एक पंप बनवायचा ठरवला होता. रॉकेलवर चालणारं इंजिन अमेरिकेचं, पंप विलायतेचा. करार चव्वेचाळीस पानांचा होता. त्यात इंजिनाची ताकद होती, पंपाचा रंगसुद्धा होता. साठ इंजिनं आणि साठ पंप कामठीच्या छावणीत येऊन पडले. जोडायला घेतले, तेव्हा कळलं की जोडता येत नाहीत. विलायती बोल्ट अमेरिकन भोकात दोन फेरे जाई आणि अडे. एका सार्जंटाने पान्याला नळी लावून जोर केला, तेव्हा बोल्ट आतच तुटला.

नानाजींनी दोन्हीकडचा एकेक बोल्ट घेतला, आट्यांत आटे बसवून उजेडासमोर धरले आणि अंगठ्याच्या नखाने मोजले.

"हा इंचाले बारा आट्यायचा हाये. अन् हा तेरा. आट्याचा उतारही येगळा हाये."

केशवने ते सांगितलं. इंग्रज मेजर हॅलिडे म्हणाले, हे आम्हाला ठाऊक आहे. कॅप्टन ब्रूस्टर म्हणाले, आम्हालाही, तीन आठवड्यांपासून.

"मंग माह्याकडे काहून आले?" नानाजींनी विचारलं.

हे केशवने सांगितलं नाही.

नानाजी म्हणाले, इंजिनाचं भोक वाढवून बारा आटे पाडतो. कॅप्टन म्हणाले, मुळीच नाही. इंजिन उसनवारीच्या करारावर दिलेलं आहे, उसन्या वस्तूला भोक पाडता येत नाही. नानाजी म्हणाले, मग पंपाला अमेरिकन बोल्ट आणि अमेरिकन नट लावा. मेजर म्हणाले, अमेरिकन नट या देशात नाहीत. आघाडीवरच्या प्रत्येक डेपोत विलायती नट आणि विलायती पाने भरून ठेवले आहेत. नानाजी म्हणाले, अमेरिकेहून नट मागवा. कॅप्टन म्हणाले, करारात इंजिन आहे, नट नाहीत. करार दुरुस्त व्हायला सहा महिने लागतील.

"म्हणजे दोघांच्याही मालाला हात लावायचा नाही," केशवने समजावलं.

नानाजींनी थोडा विचार केला. "मंग बोल्ट तिसराच करू. इंजिनात जाईन ते टोक तेरा आट्यायचं, नट बसन ते बारा आट्यायचं."

केशवने सांगितलं. मग मेजरांनी विचारलं, याचा नमुना किती दिवसांत मिळेल. नानाजी म्हणाले, एका आठवड्यात. कॅप्टन म्हणाले, एका बोल्टाला आठवडा?

बोल्टाला तासभर पुरला असता. अडचण वेगळीच होती. तेरा आटे कापायला लेथला पासष्ट दातांचं चाक लावावं लागे आणि कारखान्यातलं पासष्टाचं चाक मागच्या हंगामात फुटलं होतं. नवं विलायतेहून लढाई संपल्यावर येणार होतं. म्हणजे लढाईसाठी लागणारं चाक लढाई संपल्यावर मिळणार होतं. तेव्हा नानाजींनी ते हाताने करायचं ठरवलं.

त्यांनी बिडाची चकती कातून तयार केली आणि तिच्या घेराएवढी कागदाची पट्टी कापून घरी आणली. पट्टीचे पासष्ट समान भाग पाडायचे होते. पट्टी जमिनीवर पसरून ते फुटपट्टीने झटत बसले. चौथ्यांदा शेवटचा भाग लहान निघाला, तेव्हा मागावर बसलेल्या त्यांच्या बायकोने, रुखमाबाईंनी, धोटा थांबवला. घरातला माग त्यांनी चालू ठेवला होता.

"काय करून राहिले तुमी मघापासून?"

"पासष्ट भाग पायजे मले. सारखे."

"पासष्टच काहून?"

"अमेरिकेच्या इंचात तेरा आटे असतात. त्याच्यासाठी."

"अन् इंग्रजाच्या?"

"बारा."

"इंच एकच हाये ना पन?"

"इंच एकच हाये."

"मंग भांडन कायचं?"

नानाजींनी पुन्हा फुटपट्टी उचलली. रुखमाबाई उठल्या, पट्टी घेतली आणि मागावरच्या ताण्याच्या उभ्या धाग्यांवर तिरपी धरली. "आना पेन्सिल. हे धागे सारख्या अंतरावरच हायेत. दर नवव्या धाग्यावर खून करा. पासष्टावी खून पट्टीच्या टोकाले येईन इतकी तिरपी करते मी."

तीन वेळा कमीजास्त तिरपी करून पट्टी बसली. पासष्ट भाग पडले. नानाजींनी परकाराने तपासले. सगळे सारखे होते. बत्तीस वर्षांपूर्वी ज्या मागाला पाठ करून निघून गेलो, त्यानेच आज काम निभावलं, हे त्यांच्या मनात आलं आणि थोडं लागलंही. ते म्हणाले एवढंच, "चांगलं झालं."

"ताना हलवू नका," रुखमाबाई म्हणाल्या.

पुढचे चार दिवस नानाजी करवत आणि कानस घेऊन दात काढत बसले. पाचव्या दिवशी चाक लेथला चढलं, बोल्ट कापला गेला आणि कामठीला इंजिनात फिरवला, तेव्हा तो हाताने शेवटपर्यंत गेला. दुसऱ्या टोकावर विलायती नटही बसला. तुटलेल्या बोल्टाचा सार्जंट म्हणाला, हे आधीच का केलं नाही. त्याला दुसऱ्या कामावर पाठवण्यात आलं.

काम आता संपलं, असं नानाजींना वाटलं. पण केशवने काढलेला बोल्टाचा नकाशा मंजूर झाल्याशिवाय बोल्ट अधिकृत नव्हता. कामठीत संयुक्त समितीच्या चार बैठका झाल्या. इंग्रजांनी बारा आट्यांचं टोक तपासून मंजूर केलं, अमेरिकनांनी तेरा आट्यांचं. दुसऱ्याच्या टोकावर सही करायचा अधिकार कोणालाच नव्हता. मधला अर्धा इंच गुळगुळीत होता, त्याला आटेच नव्हते. तो कोणाच्या अखत्यारीत येतो, यावर तिसरी बैठक पूर्ण गेली. शेवटी केशवने नकाशावर तिथे बाण काढून 'स्थानिक' असं लिहिलं, आणि दोन्ही बाजूंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

चौथी बैठक नावावर होती. कागदोपत्री नाव अकरा शब्दांचं ठरलं. मेजरांनी सहज विचारलं, कारखान्यात याला काय म्हणतात?

"दुतोंड्या," नानाजी म्हणाले.

केशवने शब्दशः भाषांतर केलं. त्या शब्दाचा इंग्रजीतला 'दुटप्पी' हा दुसरा अर्थ त्याच्या लक्षात येईपर्यंत मेजर कॅप्टनकडे आणि कॅप्टन मेजरांकडे पाहू लागले होते.

"बोल्टाबद्दल बोलून राहिलो मी," नानाजी घाईने म्हणाले. या वेळी केशवने फार काळजीपूर्वक भाषांतर केलं.

कन्हान नदीच्या काठावर चाचणी ठेवली. शिपाई बोल्ट बसवू लागले आणि दुसऱ्याच बोल्टाला एकाने उलटं टोक इंजिनात घातलं. दोन फेऱ्यांवर ते अडलं. शिपाई पान्यावर रेटू लागला. नानाजी धावत गेले आणि त्यांनी त्याचा हात धरला. समितीने एका टोकाला तांबडा रंग लावायचं ठरवलं होतं, पण तांबडं कुणाचं टोक असावं हे ठरायचं होतं.

"रंग नको," नानाजी म्हणाले. "अंधारात कोनाले दिसते रंग? चिखलात तर निघूनच जाईन." खिशातून कानस काढून त्यांनी तिथेच, जीपच्या बॉनेटवर धरून, चोवीस बोल्टांची बारा आट्यांची टोकं गोल केली. तेरा आट्यांची सपाट राहू दिली. "गोल नटात, सपाट इंजिनात. बोट लावलं की समजते."

यासाठी बैठक घ्यावी लागेल, असं कॅप्टन म्हणू लागले होते. मेजरांनी डोळे मिटून बोल्ट बोटांत फिरवला, मग कॅप्टनच्या हातात दिला. कॅप्टननीही डोळे मिटले. दोन देशांचे दोन अधिकारी नदीकाठी डोळे मिटून एकच बोल्ट चाचपत उभे होते. त्यानंतर बैठक झाली नाही.

पंप सुरू झाला. पाणी चाळीस फुटांवर पडलं. नानाजींनी जोडावर तळहात ठेवला. बोल्ट जराही थरथरत नव्हते. त्यांना इतकं बरं वाटलं की ते पाय धुवायला नदीत उतरले आणि बराच वेळ काठावर परतले नाहीत.

दिवाळीपर्यंत कारखान्यातून दोन हजार दुतोंडे गेले. मग आसामातून तार आली. तिथले फिटर बोल्ट भलतेच आवळतात, शिकवायला माणूस पाठवा. नानाजी नागपूर सोडून कधी काटोलच्याही पुढे गेले नव्हते. पाच दिवस आगगाडीत बसून ते एका तळावर पोचले. तिथे तंबूंचं इस्पितळ होतं आणि ओढ्याकाठी त्यांचे सहा पंप ओळीने चालू होते. दोन आठवडे त्यांनी फिटरांना शिकवलं, हिंदीत आणि बरंचसं हातवाऱ्यांनी.

एक दाढीवाला हवालदार त्यांना म्हणाला, "मिस्त्री, बोल्ट अच्छा है. पर वॉशर किसी गधे ने बनाया है."

"वॉशर हमारा नहीं है," नानाजी म्हणाले.

निघायच्या दिवशी इस्पितळातला एक लंगडा शिपाई काठी टेकत पंपापाशी आला. त्याने नळाखाली पेला भरला, स्वतः अर्धा प्याला आणि उरलेला शेजारी उभ्या असलेल्या नानाजींपुढे धरला. हा माणूस कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. नानाजी पाणी प्याले.

नागपूरला परतल्यावर रुखमाबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, "काय पाह्यलं मंग तिकडे?"

"पंप चालून राहिले. लोकं पानी पिऊन राहिले."

"पानी चांगलं होतं?"

नानाजींनी आठवून पाहिलं. "रॉकेलचा वास येत होता," ते म्हणाले, आणि जेवायला बसले.