तहानलेला मध

पेशवाईतल्या पुण्यात, बुधवार पेठेत, एका पटवेकऱ्याच्या घरी मुक्ताबाई दापोलीकडून सून म्हणून आली. दागिने रेशमात गाठवायचे, गोंडे वळायचे, हा घरचा धंदा. पोरीचा हात असा बसला की सासूबाईंना, म्हणजे आनंदीबाईंना, खोट काढता येईना. आणि खोट काढता येत नाही म्हणजे आनंदीबाईंना अन्न गोड लागत नसे!

पण माघाच्या कोरड्या वाऱ्यात मुक्ताबाईची बोटं फुटली. रेशीम भेगांत अडकायचं, तार निघायची.

"होळीपर्यंत बघते," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर रेशीम धाकट्या सुनेकडे, आणि तू आपली चुलीपाशी."

ह्या परक्या गावात रेशीम हातात असलं की तेवढा वेळ मुक्ताबाईला माहेर आठवत नसे.

माहेरी हात फुटले की आई मध चोळायची. पडवीत जवळ घेऊन, एकेक बोट धरून, गप्पा मारत. सकाळी हात लोण्यासारखे! ती आई दिवाळीत गेली. तिने धाडलेला मधाचा बुधला तेवढा उरला होता. मुक्ताबाई रोज चोळायची, आणि भेगा उलट वाढायच्या. आईबरोबर मधाचा गुणही गेला, असं मनात येऊन ती रडायची.

एकदा मीठ घ्यायला तिने हात घातला आणि बोटं अशी झोंबली की "आई गं!" झालं. बघते तर मीठ खडखडीत. माहेरी हेच मीठ पाझरायचं. मधसुद्धा उघडा राहिला की पातळ व्हायचा आणि आई ओरडायची, "झाक गं, वारं पितोय तो!"

म्हणजे मधाला तहान असते! तिकडे तो ओल्या वाऱ्याचं पाणी ओढायचा. इथल्या वाऱ्यात पाणी कुठलं? मग तो बिचारा तिच्याच बोटांतलं ओढत होता.

तिने हात पाण्यात चांगले भिजवले, ओल्यावरच मध चोळला, आणि वरून तुपाचं बोट फिरवलं, पाणी उडून जाऊ नये म्हणून. आठवड्यात भेगा मिटल्या. रेशीम सुळकन सरकलं. सासूबाई गोंडा उलटसुलट करून म्हणाल्या, "बरा आहे." त्यांच्या तोंडी हे म्हणजे साखर वाटण्यासारखंच.

होळीच्या आत बुधला संपला. मुळशीकडून आलेल्या कातकरणीकडून तिने मध घेतला. चोळताना तिने मनोमन देवाला विनवलं, ह्याने गुण येऊ देऊ नको रे, तो आईच्याच मधाचा असू दे!

पण गुण आला. अगदी तसाच.

मऊ झालेली बोटं डोळ्यांना लावून मुक्ताबाई हुंदके देऊन रडली. आनंदीबाई धावत आल्या. "अगं, आता काय दुखतंय?"

"काहीच दुखत नाही हो," ती म्हणाली.

सासूबाई खाली बसल्या, तिचा हात मांडीवर घेतला आणि राहिलेलं तूप एकेका बोटाला चोळू लागल्या.