उजवीकडचा बाक

"आई आई गं, मोडली कंबर," असं कण्हत कप्तानाने बायकोला धक्क्यावरून उचललं आणि बोटीतल्या उजवीकडच्या बाकावर अलगद ठेवलं. मग हुश्श करून कपाळ पुसलं. कपाळावर घामाचा टिपूसही नव्हता.

"पुरे झालं नाटक," ती म्हणाली आणि नाकातली नळी सारखी करून घेतली.

हे रोजचंच होतं. गेले चार महिने पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून गाडीत तो तिला असाच उचलायचा आणि असाच विव्हळायचा. विमा कचेरीत खर्डेघाशी करण्यात त्याचा उभा जन्म गेला होता, पण या आठ मीटरच्या मोटारबोटीवर पाय ठेवला की गड्याचा आवाजच बदलायचा. म्हणून धक्क्यावर सगळे त्याला कप्तान म्हणत.

मिस्त्री केव्हाचा आत होता. मागच्या डाव्या कोपऱ्यात तो वाळूची पोती रचत होता, दहा-दहा किलोची अकरा. बोटीत बसवायचा जनरेटर एकशे दहा किलोचा होता आणि तो त्याच कोपऱ्यात बसणार होता, दुसरीकडे जागाच नव्हती. आधी पोती, मग करवत, ही मिस्त्रीची रीत. तरुणपणी त्याने एका बोटीचा तळ आधी कापला आणि वजनाचा विचार नंतर केला. ती बोट शेवटपर्यंत लंगडत चालली. तेव्हापासून काम घेण्याआधी तो गिऱ्हाइकाला फोनवर दोनच गोष्टी विचारायचा: बोटीत नेहमी कोण कुठे बसतं, आणि कुणाचं वजन किती. धक्क्यावरचे लोक त्याची टिंगल करत. तो कुणाला भीक घालत नसे.

कप्तानाला जनरेटर हवा होता तो बायकोसाठी. किनाऱ्याने दोन तास गेलं की डोंगराच्या कुशीत एक लहानशी शांत खाडी लागायची. वीस वर्षं दर उन्हाळ्यात दोघांनी तिथे नांगर टाकून मुक्काम केला होता. सकाळी डोळे उघडले की पाण्यावरचा उजेड बोटीच्या छतावर थरथरताना दिसे. तो एकदा पाहायचाय, एवढंच तिने मागितलं होतं. पण तिचं ऑक्सिजनचं लहान मशीन बॅटरीवर जेमतेम तीन तास चालायचं, आणि झोपताना लागायचं ते मोठं मशीन विजेशिवाय चालतच नसे. धाकट्या दिराने सरळ सांगितलं होतं, दादा, या दिवसांत बोटीला भोकं पाडत बसू नकोस. त्यावर कप्तानाने आठवडाभर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

बोट बंदराबाहेर संथ पाण्यात आली, तसं कप्तानाने इंजिन बंद केलं. मिस्त्रीने दोघांना आपापल्या जागी थांबायला सांगितलं, खिशातून सपाटी तपासायची पाणसळ काढून टेबलावर आडवी ठेवली आणि वाकून पाहिलं. बुडबुडा मधोमध यायला हवा होता. तो उजवीकडे सरकून बसला होता, म्हणजे बोट डावीकडे कलली होती. मिस्त्रीने पोती पुन्हा मोजली. अकराच होती. कागद काढून बेरीज तपासली, तीही बरोबर. तो चक्रावला. असं त्याचं कधी होत नसे.

"साहेब, वजनं नीट सांगितलीत ना? तुमचं शहात्तर, वहिनींचं बासष्ट."

कप्तान चाकाशी उभा होता. त्याने मान वळवली नाही.

"बासष्ट?" ती हसली, तशी तिला धाप लागली. दम परत येईपर्यंत दोघे थांबले. "बेचाळीस, मिस्त्री. परवाच दवाखान्यात काट्यावर उभं केलं होतं मला. हे शेजारीच होते."

"तो काटा बिघडलाय," कप्तान म्हणाला.

मशीनचा फुस्स फुस्स आवाज तेवढा येत होता.

मिस्त्री हातचं काम अर्धवट टाकणाऱ्यातला नव्हता. चूक सापडली याचं त्याला बरंच वाटलं होतं, आणि पुढच्या क्षणी तसं वाटल्याची लाजही वाटली. त्याने बोटीच्या मधल्या कप्प्यात जादाची ठेवलेली दोन पोती आणली आणि तिच्या बाकाखाली, पायांशी सरकवली. बोट हळूच सावरली. बुडबुडा मधोमध येऊन थांबला. तिघेही त्याच्याकडे बघत राहिले.

आता काही अडचण नाही, उजवीकडे वीस किलोचं कायमचं वजन देऊ, मिस्त्री चाचरत म्हणाला. जनरेटर यायला दीड महिना, बसवायला आणखी आठवडा.

तिने पायाने एका पोत्याला हलकेच शिवून पाहिलं.

"दीड महिना म्हणजे माझ्या बाकाखाली आणखी एक पोतं लागेल, काढून ठेवा."

ती चिडून बोलली नव्हती. माणूस प्रवासाला निघताना एखादी जादा शाल काढून ठेवायला सांगतो, तसं सांगितलं. कप्तानाने इंजिन सुरू केलं आणि बोट वळवली. वाटेत तो एकदाही मागे बघेना. मान वळवून ती डोंगराच्या बाजूला पाहत राहिली. तिला जायचं होतं. अगदी जीव तुटेपर्यंत जायचं होतं.

धक्क्याला दोर बांधून झाल्यावर मिस्त्रीने विचारलं, मग मागवायचा ना जनरेटर?

"नको. पोती उतरवा," कप्तान म्हणाला.

"सगळी?"

"सगळी."

कप्तान बाकाशी आला. मशीनचा पट्टा त्याने खांद्याला अडकवला, पायांशी असलेली ती दोन पोती बाजूला केली आणि वाकून एक हात तिच्या पाठीमागे, एक गुडघ्यांखाली घातला. तिने सवयीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाट पाहिली. तो न कण्हता, एका दमात ताठ उभा राहिला आणि तिला घेऊन धक्का चढला.