व्हय म्हाराजा

दुपारची जेवणं आटोपली की तारकर्लीच्या संचिताला टीव्हीवरची खुनाची मालिका लागायचीच. घरात पोर असते म्हणून नवरा कुरकुरायचा. त्यावर ती फणकारायची, "ता खंय बघता? पाठ करून खेळता!" आणि ते खरंच होतं. सहा वर्षांची सान्वी टीव्हीकडे पाठ करून सावंतवाडीच्या लाकडी भातुकलीत रमलेली असायची. पाठीला कान नसतात, असा संचिताचा ठाम समज होता.

त्या दिवशी मालिका संपल्यावर संचिता नारळ खवायला बसली. ओसरीवर सान्वीने लाकडी पोळपाटावर जास्वंद ठेवलं आणि देवळातल्यासारखं खणखणीत गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, बाबाची होडी सुखरूप येऊं दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आतून संचिताने कौतुकाने साथ दिली.

"आजयेचो गुडघो बरो होऊं दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हात खवणीवर चालत होता, तोंड सवयीने बोलत होतं.

"शेजारच्या निनादान माझी बावली मोडल्यान. तेका पोत्यात घालून खाडयेत टाकतंय, माका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शब्द तोंडातून गेला आणि संचिताचा हात थांबला. पोतं, खाडी. मघाच्याच भागात होतं ते.

तिने वर पाहिलं. सान्वी दारात उभी होती, देवाचा आणि आईचा होकार मिळाल्यासारखी शांत.

"आये, पोता खंय आसा गो?"